काडाचं आच्छादन: पीक पिवळं का पडतं आणि उत्पादन कधी वाढतं

प्रश्न असा आहे की गव्हाचं काड, म्हणजे मळणीनंतर उरलेले वाळके देठ, पसरल्यावर रोपं पिवळी पडली, मग आच्छादनाने उत्पादन वाढतं हे खरं कसं मानायचं?

आधी एक सांगा, काड वर पसरलंय की कोळपणीत मातीत गेलंय? पिवळेपणा बहुतेक वेळा मातीत मिसळलेल्या काडाने येतो. गव्हाच्या काडात कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण साधारण 80:1 असतं. ते कुजवताना जिवाणूंना नत्र कमी पडतं, म्हणून ते मातीतलं उचलतात आणि पीक उपाशी राहतं. वर पसरलेलं काड मातीला फक्त तळाशी टेकतं, त्यामुळे ही ओढ वरच्या पातळ थरापुरतीच राहते. मिसळलं गेलंच असेल तर टनाला 8-10 किलो नत्र, म्हणजे 20 किलोच्या आसपास युरिया जास्तीचा द्या. मात्र तो काडावर फेकू नका. काडावर पडलेल्या युरियातला बराच नत्र अमोनिया होऊन उडतो. काड बाजूला सारून, ओळीलगत मातीत पेरून द्या.

एकरी 2 टन काड पुरतं, म्हणजे चौरस मीटरला अर्धा किलो. एक चौरस मीटर आखून तेवढं काड तोलून पसरा, एकदा नजर बसली की पुढे अंदाज चुकत नाही. खाली माती उघडी दिसत असेल तर तण येणारच. आणि लव्हाळा, हरळी कितीही जाड थरातून वर येतात, ती आधीच काढावी लागतात. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर ओल धरून बुंधा कुजतो. ठिबकची नळी काडाखाली घ्या, पण उंदीर ती कुरतडतात, म्हणून अधूनमधून काड उचलून बघत राहा.

उत्पादनाचं म्हणाल तर पाणी कमी पडणाऱ्या जमिनीत फरक ठळक दिसतो: बाष्पीभवन घटतं, पावसाच्या थेंबांनी मातीवर कडक पापुद्रा धरत नाही, पाणी मुरतं, दुपारी मुळांजवळची माती थंड राहते. पाणथळ किंवा निचरा नसलेल्या भारी जमिनीत मात्र हीच ओल मुळांना मारते. थंडीत पेरणीआधी पसरलं तर उगवण रेंगाळते. रोपं वीतभर झाल्यावर, वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असताना, पसरा. सुक्या मातीवर टाकलं तर हलका पाऊस काडातच अडकतो.

सेंद्रिय कर्ब एका हंगामात वाढलेला दिसणार नाही, कारण काडातला बराचसा कर्ब कुजताना हवेत जातो. गांडुळं मात्र लवकर वर येतात.

काड बाहेरून आणणार असाल तर त्यावर कुठलं तणनाशक मारलं होतं ते विचारा. काही तणनाशकं काडात महिनोन्महिने टिकतात आणि टोमॅटो, घेवडा यांची पानं वाकडी करतात. कुंडीत ते काड मातीत मिसळून घेवड्याचं बी लावा, तिसरं-चौथं पान सरळ आलं तरच शेतात न्या.