एल्कहॉर्न नेच्यावर फवारणी कशासाठी?

मोहोळ तालुक्यातल्या एका डाळिंब बागायतदारांनी फोटो पाठवून विचारले आहे: "शेतातल्या घरापुढे कोकणासारखी हिरवीगार बाग केली आहे. पुण्याहून एल्कहॉर्न आणून फळीवर बांधले. आता पानांच्या टोकांना खालून तपकिरी मखमलीसारखे पट्टे आलेत, बुडाची गोल पाने वाळून कागद झालीत. तांबेरा असावा. एक टक्का बोर्डो मारू का?"

साहेब, पंप खाली ठेवा. तुमच्या झाडाला काहीही झालेले नाही.

डाळिंबावर तेल्या रोग पाहून पाहून आपल्याकडे डाग दिसला की हात औषधाकडेच जातो. पण हे नेचे (फर्न) आहे. याला फूल नाही, बी नाही. पानाच्या खालच्या बाजूला बीजाणू धरतात, तेच तुमचे तपकिरी पट्टे. बोट फिरवून पाहा, बारीक भुकटी लागेल. दोन्ही कडा सारख्या, पट्टा फक्त टोकांनाच आणि वरून पान हिरवे, असे असेल तर झाड वयात आले म्हणून खूश व्हा. रोगाचा डाग असा मापात येत नाही. बोर्डोसारखे तांबे असलेले कोणतेही औषध या झाडापासून लांब ठेवा, आणि बांधायला तांब्याची तारही वापरू नका. मासेमारीचा नायलॉन दोरा उत्तम.

बुडाची गोल पाने हा या झाडाचा वेगळाच कारभार आहे. ती फळीला किंवा खोडाला चिकटतात, मुळे झाकतात, ओल धरतात आणि काही महिन्यांत तपकिरी होतात. वाळली तरी त्यांचे काम चालूच असते. ती ओढून काढली की मुळे उघडी पडली, असे समजा. पानांवरची पांढरट लवही ओल्या फडक्याने पुसू नका. धूळ वाटते, पण पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडाने पांघरलेली ती चादर आहे.

आता सोलापूरचे. हे झाड मूळ पूर्व ऑस्ट्रेलियाच्या दमट रानातले, दुसऱ्या झाडाच्या खोडावर बसून राहणारे. खोडातून रस शोषत नाही, नुसता आसरा घेते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, पण सावली दिली तर तेवढ्याने ते मरत नाही. घात करतो तो दुपारचा कोरडा वारा. माझेच पहिले झाड मी हौसेने पश्चिमेच्या चुन्याच्या भिंतीवर टांगले होते. भिंत संध्याकाळपर्यंत तव्यासारखी तापायची. पाणी रोज घातले, तरी मे महिन्यात पाने पापडासारखी झाली. आता दुसरे आंब्याच्या खोडाला, पूर्वेच्या अंगाला, डोक्याच्या उंचीवर आहे आणि बरे चालले आहे. आंबा पान गाळून उघडा पडत नाही, सालही खरबरीत. कडुनिंब ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळतो आणि नेचे उघड्यावर येते, बाभळीची सावली विरळ, निलगिरीची साल सोलून पडते. ही तिन्ही नकोत. झाड नसेल तर पंचाहत्तर टक्क्यांच्या शेडनेटखाली टांगा, पश्चिमेकडून आडोसा करा.

पाण्याबद्दल थोडे बारकाईने. बोअरचे पाणी आपल्याकडे जड. महिनाभर तेच मारले की पानावर आणि मुळांभोवती बांधलेल्या मॉसवर (शेवाळावर) पांढरी खपली धरते. छतावरचे पावसाचे पाणी टाकीत धरता आले तर फार बरे. फळी काढून बादलीत दहा-पंधरा मिनिटे बुडवा, निथळू द्या, मग टांगा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड, शिवाय सकाळी हलका फवारा. थंडीत आठवड्यातून एकदा. वेळापत्रकापेक्षा फळीचे वजन पाहा: हलकी लागली की पाणी. आपला जोराचा पाऊस बहुधा सप्टेंबरात पडतो, तेव्हा बूड काळे पडून मऊ लागले तर पाणी बंद करून वारा लागू द्या. स्फॅग्नम मॉस महाग वाटले तर काथ्या चालेल, मात्र दोन-तीनदा धुऊन, त्यात खार असतो. मधला वाढीचा कोंब मॉसखाली गाडू नका. खत म्हणून १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही वाढीच्या दिवसांत. केळीच्या साली कोंबण्याची सूचना कोणी दिली तर ऐका आणि सोडून द्या, मुंग्या येतात.

पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसली तर कानात घालायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून टिपून काढा. निंबोळी तेल चांगलेच, पण या लवदार पानांवर नको.

बार्शीच्या एका ताई विचारतात, तीन वर्षे झाली, झाडाला पिलू का येत नाही? ताई, तुमच्या फोटोत वरच्या बाजूला टोपलीसारखी उघडी पाने आहेत आणि झाड एकटेच आहे. हे खरे स्टॅगहॉर्न. नर्सरीत दोन्ही एकाच नावाने विकतात. एल्कहॉर्नला केळीसारखे मुनवे फुटतात, तळहाताएवढे झाले की मुळासकट कापून वेगळे लावता येतात. स्टॅगहॉर्नला मुनवे येत नाहीत, ते बीजाणूंपासूनच वाढते आणि तो खटाटोप घरी जमणे कठीण. त्याच्या टोपलीत पडलेली पाने काढू नका, तेच त्याचे खत. (नान्नजच्या माळावरच्या काळविटांशी याच्या नावाचा संबंध जोडू नका. काळविटाची शिंगे पिळाची, फाटे नसलेली. हे सांबरासारख्या फाटे फुटलेल्या शिंगांवर गेले आहे.)

अक्कलकोटहून विचारणा आहे की अर्धा एकर शेडनेटमध्ये याची विक्रीसाठी लागवड परवडेल का. माझे मत, नाही. उन्हाळ्यातले फॉगर आणि गोड पाणी यांचाच खर्च अंगावर येईल, आणि गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत. दहा एल्कहॉर्न लावा, दोन उन्हाळे काढून दाखवा, मुनवे किती निघतात ते वहीत लिहा. मग वही घेऊन कार्यालयात या.