फुकटची अ‍ॅप्स ढीगभर, पण वाचायला काय देताय?

या वेळी इंग्रजी वाचन आणि शब्दसंग्रह यावर बरीच पत्रं आलीत. सारखी पत्रं एकत्र केलीत, त्यामुळे तुमचा प्रश्न जसाच्या तसा दिसला नाही तरी उत्तर कुठेतरी सापडेल.

प्रश्न: ताई, माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. इंग्रजी धडा धडाधड वाचून दाखवतो पण नंतर विचारलं की काय झालं रे गोष्टीत, तर गप्प. फोनमध्ये चार फ्री अ‍ॅप्स टाकून झाली, सगळीकडे त्याला स्टार मिळतात, बॅज मिळतात, धडा मात्र कळत नाही. अजून कुठलं अ‍ॅप घेऊ?

उत्तर: पाचवं नका घेऊ. आधी एक तपासणी करा, तिला काहीच लागत नाही. त्याने न वाचलेला एक उतारा तुम्ही मोठ्याने वाचा, त्याने पुस्तकात बघायचं नाही, नुसतं ऐकायचं, आणि मग काय झालं ते मराठीत सांगायचं. मराठीतच हं, नाहीतर तुम्ही त्याचं समजणं नाही, इंग्रजी बोलणं तपासत बसाल. ऐकून कळलं पण असाच उतारा वाचून कळत नाही असं निघालं तर घोडं अक्षरं आणि आवाज जुळवण्यात अडलंय, सगळा जोर शब्द फोडण्यातच जातोय. ऐकूनही कळलं नाही तर मात्र शब्द आणि वाक्यरचनाच कच्ची आहे. गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे फार सुटसुटीत मांडलं होतं, वाचून समजणं म्हणजे शब्द ओळखणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार! एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही वाढवा, उत्तर शून्यच येणार.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तुमच्या मुलाची दुसरी बाजू, म्हणजे भाषा समजण्याची, कच्ची वाटतेय. मग अ‍ॅपमध्ये स्टार कसे मिळतात? कारण तिथे एक शब्द आणि चार चित्रं असतात, दोन तर बघताक्षणीच चुकीची वाटतात, उरलेल्या दोनातून अंदाजाने एक दाबलं की टिंग वाजतं. धड्यात चार पर्याय नसतात ना, तिथे अर्थ स्वतःच आठवावा लागतो.

आता मुख्य गोष्ट, आणि माझ्या मते टूलपेक्षा महत्त्वाची हीच, की त्याला वाचायला काय देताय. न्यूझीलंडचे पॉल नेशन आयुष्यभर शब्दसंग्रहावरच काम करत आलेत, त्यांनी आणि हू नावाच्या अभ्यासकांनी २००० मध्ये छापलेल्या अभ्यासात असं दिसलं की कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायची तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांत अनोळखी फक्त दोन. ऐकायला ९० टक्केही भरपूर वाटतं, पण त्याचा अर्थ दर दहा शब्दांमागे एक खड्डा, आणि ८० टक्क्यांवर तर त्या अभ्यासात कोणालाच मजकूर पुरेसा समजला नव्हता. आपण मुलांना बऱ्याचदा असलंच काहीतरी देतो आणि वर म्हणतो लक्ष देत नाही.

ही मोजणी घरी करता येते. एक पान द्या, माहीत नसलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायला सांगा, आणि मोजा. स्क्रीनवरचा मजकूर असेल तर तो कॉपी करून ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीजच्या साइटवर टेक्स्ट चेकर नावाचं फुकट टूल आहे त्यात टाका, कुठला शब्द किती सोपा किती अवघड ते दाखवतं. शिक्षक असाल तर टॉम कॉब यांची लेक्सट्यूटर ही शब्द तपासायची साइट बघा, साइट दिसायला अगदी जुनाट आहे, बटणं कुठे आहेत ते शोधावं लागतं, पण काम पक्कं. त्यातल्या व्होकॅबप्रोफाइलमध्ये जुन्या पद्धतीचा पर्याय निवडला की सगळ्यात जास्त वापरातले पहिले हजार शब्द निळे, पुढचे हजार हिरवे, अभ्यासाच्या पुस्तकांत येणारे पिवळे आणि कुठल्याच यादीत न बसणारे लाल दिसतात. लाल बघून लगेच घाबरू नका, माणसांची आणि गावांची नावं पण लालच होतात.

मग योग्य पायरीचं वाचन आणायचं कुठून? प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही मुलांच्या गोष्टींची साइट २०१५ पासून आहे, गोष्टींना पहिली ते चौथी अशा लेव्हल आहेत, आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही असतात आणि इंग्रजीतही. तुमच्या मुलासाठी मी असं करेन, आधी गोष्ट मराठीत वाचू द्या, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत. गोष्ट माहीत असल्यामुळे मेंदू मोकळा राहतो आणि अनोळखी शब्दाचा अर्थ जागेवरच लागतो. काही जण म्हणतील ही तर कॉपी झाली. होऊ दे! लेव्हल मात्र वयावरून ठरवू नका, अकरा वर्षांच्या मुलाला दुसरी लेव्हल लागली तर दुसरी, फक्त चित्रं फार लहान मुलांची नाहीत ना तेवढं बघा, त्या वयात लाज वाटते.

आणि तपासणीत उलटं निघालं, म्हणजे ऐकून सगळं कळतं पण वाचताना अडतो, तर रस्ता वेगळा. देवनागरी वाचणाऱ्या मुलाला सवय असते की अक्षर दिसलं की आवाज ठरलेला, आणि इंग्रजीत अक्षरं २६ पण आवाज साधारण ४४, त्यात ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं थ्रूमध्ये एक बोलतात, टफमध्ये भलतंच. अशा वेळी फोनिक्सचे, म्हणजे अक्षरं आणि आवाज जुळवायचे, खेळ कामाचे असतात, टीच युवर मॉन्स्टर टू रीड कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर फुकट खेळता येतं. गूगलचं रीड अलाँग, जे २०१९ मध्ये बोलो नावाने आलं होतं, ते मूल मोठ्याने वाचत असताना ऐकतं आणि चुकलं तिथे दाखवतं, शब्दावर बोट ठेवलं की उच्चार ऐकवतं. पण यंत्राला कधीकधी बरोबर उच्चारही चुकीचा वाटतो, खोलीत आवाज असेल तर जास्तच, म्हणून सुरुवातीला शेजारी बसा. नाहीतर मूल त्या मशीनला खूश करायला ओरडून वाचायला लागतं.

प्रश्न: मी सातवीला इंग्रजी शिकवते. रोज फळ्यावर वीस शब्द, अर्थासकट. शनिवारी टेस्ट, त्यात मार्क छान. पुढच्या महिन्यात तेच शब्द विचारले की वर्ग कोरा. आता क्विझलेट किंवा अँकी, ही शब्दांच्या कार्डांची अ‍ॅप्स, वापरायचा विचार आहे, फरक पडेल का?

उत्तर: पडेल, पण अ‍ॅपमुळे नाही, अंतरामुळे पडेल. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग कमी होत जातो. तुमची टेस्ट शनिवारी संपते आणि शब्द पुन्हा कधी भेटतच नाहीत, तर ते राहणार कशाला? अँकी २००६ पासून आहे, ते इतकंच करतं की आठवलेलं कार्ड लांबच्या तारखेला ढकलतं आणि विसरलेलं लवकर परत आणतं. कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर फुकट, आयफोनच्या अधिकृत अ‍ॅपला मात्र पैसे पडतात, तिथे ब्राउझरमधून अँकीवेब वापरायचं.

एक सेटिंग पहिल्याच दिवशी बदला. अँकी मूळात रोज वीस नवीन कार्डं देतं. वीस म्हणजे फार काय, असं वाटतं, पण जुनी कार्डं परत येत राहतात आणि थोड्याच आठवड्यांत रोजची उजळणी एवढी साचते की मुलं अ‍ॅप उघडायचंच बंद करतात. पाच ठेवा. खरं सांगायचं तर फळ्यावरचे पण वीसाचे सहा-सात करा.

कार्ड कसं बनवायचं यावर सगळं अवलंबून आहे, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात, पुढे इंग्रजी शब्द मागे मराठी अर्थ, झालं. त्याऐवजी पुढच्या बाजूला धड्यातलं पूर्ण वाक्य टाका आणि त्यातला तो एक शब्द गाळा, मागे शब्द, उच्चार आणि छोटा मराठी अर्थ. एका कार्डावर एकच अर्थ. बँक म्हणजे पैशाची आणि नदीचा काठ असं एकाच कार्डावर लिहिलंत की मूल अर्धं उत्तर देतं आणि ते बरोबर धरायचं की चूक हे कोणालाच कळत नाही. कार्डं शक्यतो मुलांनीच बनवावीत, दुसऱ्याची तयार गड्डी डाउनलोड करणं सोपं आहे पण त्या वाक्यांशी त्यांचं काही नातं नसतं.

क्विझलेट वर्गात खेळायला छान, दिसायलाही मस्त, पण आधी फुकट असलेल्या काही गोष्टी आता पैशांमागे गेल्यात, तेव्हा सगळा वर्षाचा डोलारा त्यावर उभारू नका. मुलांकडे फोनच नसतील तर कागदाची कार्डं आणि पाच कप्प्यांचा खोका घ्या. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर परत पहिल्या. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, असं करत पाचवा महिन्यातून एकदा. लाइटनर नावाच्या माणसाने १९७० च्या दशकात हीच पद्धत सांगितली, अ‍ॅपवाल्यांनी ती नंतर उचलली.

शब्द कुठले निवडायचे ते तुम्ही विचारलं नाही पण विचारायला हवं होतं. धड्यात एखाद्या जुन्या जहाजाच्या शिडाचं नाव आलं म्हणून ते पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका, अर्थ सांगा आणि पुढे जा. जे शब्द सगळीकडे परत परत भेटतात ते धरा. मायकेल वेस्ट यांची साधारण २००० शब्दांची यादी १९५३ ची, तिचाच नवा अवतार न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट २०१३ मध्ये आला, त्यात २८०० च्या आसपास शब्द आहेत आणि ती फुकट डाउनलोड होते. मोठ्या वर्गांसाठी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची ५७० शब्दकुटुंबांची (शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) अकॅडेमिक यादी आहे, पण सातवीला तिची घाई नको.

प्रश्न: मुलगी प्रत्येक शब्द ट्रान्सलेटमध्ये टाकते, पूर्ण परिच्छेदच टाकते कधीकधी. बंद करू का?

उत्तर: शब्द टाकू दे, परिच्छेद नको. पूर्ण परिच्छेद मराठीत आला की इंग्रजी वाचायचं कारणच संपतं. एका पानाला तीन शब्द बघायची मुभा द्या, मग ती आपोआप निवडायला लागेल की कुठल्या शब्दावाचून खरंच अडतंय. हळूहळू तिला लर्नर्स डिक्शनरीकडे वळवा, केंब्रिजची आणि लाँगमनची दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत, लाँगमनवाले तर १९७८ पासून अर्थ सांगताना साधारण दोन हजार सोपे शब्दच वापरतात. उच्चारासाठी यूग्लिश, शब्द टाकला की खऱ्या माणसांच्या व्हिडिओंतले तेवढेच तुकडे ऐकवतं.

प्रश्न: मी स्वतः निवृत्त आहे, इंग्रजी पेपर आणि कादंबऱ्या वाचायची फार इच्छा. कोणीतरी प्रोजेक्ट गुटेनबर्ग सांगितलं, हजारो पुस्तकं फुकट. पहिलंच पुस्तक उघडलं आणि दोन पानांत बंद केलं. माझं वय झालं का?

उत्तर: वय तुमचं नाही हो, त्या पुस्तकांचं झालंय! गुटेनबर्ग १९७१ मध्ये मायकेल हार्ट यांनी सुरू केलं, आज तिथे सत्तर हजारांच्या वर पुस्तकं आहेत, पण मुख्यतः कॉपीराइट संपलेलीच असल्याने बहुतेक शंभर वर्षांपूर्वीची. लांबलचक वाक्यं, आता कोणी न वापरणारे शब्द. नेशन यांच्याच २००६ च्या हिशोबाप्रमाणे मदतीशिवाय कादंबरी किंवा पेपर वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात, तेव्हा ती पायरी थोडी पुढची समजा. आत्ता सिंपल इंग्लिश विकिपीडिया उघडा, तुम्हाला आधीच भरपूर माहिती असलेला विषय घ्या, क्रिकेट असो की रेल्वे की ग्रहतारे. सोबत बीबीसी लर्निंग इंग्लिशचं सिक्स मिनिट इंग्लिश, आधी ऐका, मग खाली लिहिलेलं वाचत वाचत पुन्हा ऐका.

पेपर वाचायचाच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये बातमी उघडून एफ-नाइन दाबा, इमर्सिव्ह रीडर येतो, जाहिराती जातात, अक्षरं मोठी होतात, वाचत असलेल्या ओळीपुरताच उजेड ठेवता येतो आणि तो मोठ्याने वाचूनही दाखवतो. सगळ्या साइट्सवर चालत नाही, बऱ्याच ठिकाणी चालतो. सहा महिन्यांनी गुटेनबर्गकडे जायचं झालं तर लहान मुलांची पुस्तकं आणि छोट्या गोष्टींपासून सुरू करा आणि त्याच पुस्तकाचं लिब्रिव्हॉक्स या वाचून दाखवलेल्या पुस्तकांच्या साइटवर रेकॉर्डिंग शोधा. स्वयंसेवक वाचतात, कोणी सुंदर वाचतं, कोणी झोप आणतं, दुसरा आवाज निवडायचा.

प्रश्न: एआय चॅटबॉटकडून मुलांसाठी उतारे लिहून घेतले तर चालेल?

उत्तर: चालेल, आणि एका कामासाठी ते खरंच भारी आहे. या आठवड्यात शिकवलेले सहा शब्द द्या आणि सांगा की हे प्रत्येकी दोनदा येतील अशी दीडशे शब्दांची गोष्ट लिही, बाकी शब्द सोपे ठेव, वाक्यं छोटी. असा उतारा कुठल्या पुस्तकात मिळणार? पण सोपे ठेव म्हटलं तरी मधेच अवघड शब्द घुसवतं, म्हणून वर सांगितलेल्या टेक्स्ट चेकरमधून एकदा काढा. माहितीपर उतारा असेल तर तारखा आणि आकडे स्वतः तपासा, ते बिनधास्त चुकीचं लिहितं. आणि मुलांच्या हातात थेट देऊ नका, बऱ्याच अशा सेवांना वयाची अट असते, तेरा वर्षं किंवा त्याहून जास्त. मुलाचं वय खोटं टाकून अकाउंट उघडायचे प्रकार मी बघते, कृपया नको.

प्रश्न: वर्गात चाळीस मुलं, माझा एकच फोन, नेट कधी असतं कधी नसतं. हे सगळं आमच्यासाठी नाहीच का?

उत्तर: आहे, फक्त टूल मुलांच्या हातात नाही, तुमच्या हातात राहील. नेट असेल तेव्हा स्टोरीवीव्हरवरून दोन-तीन गोष्टी उतरवून घ्या, त्यांचं लायसन्स खुलं आहे, नाव देऊन छापता येतं, वाटता येतं. प्रिंट परवडत नसेल तर गोष्ट फळ्यावर लिहा, शंभर शब्दांची पुरते. किविक्स नावाचं अ‍ॅप टाकून सिंपल इंग्लिश विकिपीडिया एकदाच डाउनलोड करा, फाइल मोठी असते, चित्रांशिवायची घेतली की बरीच लहान होते, मग नेट लागत नाही. आधी तुम्ही वाचा, मग सगळे मिळून, मग जोडीजोडीने एकमेकांना. फोन शब्दाचा उच्चार ऐकवण्यापुरता. आणि तो पाच कप्प्यांचा खोका वर्गासाठी एकच करा, कार्डं आळीपाळीने मुलं लिहितील, रोज तासाची पहिली पाच मिनिटं त्याला द्या. टाइप टाइपची अक्षरं येतील, स्पेलिंग मात्र खोक्यात टाकायच्या आधी तुम्ही बघा.