इंग्लंडच्या गरीब वस्त्यांत केमिस्ट खरंच डॉक्टरचं काम करतो का?

तुमचा प्रश्न असा की इंग्लंडमध्ये चिठ्ठीशिवाय केमिस्ट अँटिबायोटिक देतो हे खरं का, आणि गरीब वस्तीला त्याचा उपयोग किती.

खरं आहे, पण मनाने देत नाही. 31 जानेवारी 2024 पासून तिथे 'फार्मसी फर्स्ट' नावाची सरकारी योजना सुरू आहे. त्यात सातच दुखणी येतात: सायनस, घसा, मुलांचा कान, चिघळलेला कीटकदंश, इम्पेटिगो (त्वचेवर खपल्या धरणारा जंतुसंसर्ग), नागीण आणि बायकांचा लघवीचा साधा जंतुसंसर्ग. प्रत्येकाचा लेखी नियम ठरलेला आहे.

लघवीचंच घ्या, ज्याला आपण 'उन्हाळी लागली' म्हणून अंगावर काढतो. बाई 16 ते 64 वयाची हवी, गरोदर नको. दुकानातल्या छोट्या खोलीत फार्मासिस्ट तीन गोष्टी विचारतो: लघवीला जळजळ, रात्री नव्याने उठावं लागणं, लघवी गढूळ दिसणं. तीनपैकी दोन असतील आणि त्रास बऱ्यापैकी असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक, 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस. त्रास किरकोळ असेल तर नुसती वेदनाशामक गोळी आणि वाट पाहणं. ताप, थंडी, कमरेत एका बाजूला दुखणं असेल तर हे औषध नाही, कारण ते लघवीत उतरतं, मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं पोचत नाही. किडनी कमकुवत असेल किंवा जी-६-पीडी (तांबड्या रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम) कमी असेल तरी नाही. सहा महिन्यांत दोनदा झालं असेल तर सरळ डॉक्टरकडे. गोळी जेवणासोबत घ्यायची, आणि लघवी गडद पिवळी-तपकिरी होईल हे आधीच सांगायचं, नाहीतर घाबरून डोस अर्धवट सोडला जातो.

आता वस्तीचा भाग. गरज जिथे जास्त तिथे डॉक्टर कमी, हे ज्युलियन ट्युडर हार्ट या वेल्समधल्या डॉक्टरने 1971 मध्येच मांडलं होतं. औषधांच्या दुकानांचं मात्र उलट निघालं. 2014 च्या एका अभ्यासात इंग्लंडमधल्या सगळ्यात गरीब भागांतले जवळजवळ सगळे लोक दुकानापासून वीस मिनिटांच्या चालीत सापडले. देशभराची सरासरी 89 टक्के. वर अपॉइंटमेंट लागत नाही. माझ्या मते या योजनेचं खरं भांडवल हेच.

बीपी तपासणीही तिथेच, 40 वर्षांपुढच्यांना फुकट. 140/90 किंवा जास्त आलं तर 24 तास दंडाला बांधून ठेवायचं यंत्र देतात, आणि जागेपणीची सरासरी 135/85 किंवा जास्त आली तर डॉक्टरकडे पाठवतात. 180/120 ला त्याच दिवशी. चुका साध्याच होतात: जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा वाढून येतो, पाच मिनिटं न बसवता, गप्पा मारत मोजलं तरी तेच.

अडतं कुठे? पैशात, दोन्ही बाजूंनी. चिठ्ठीच्या औषधासारखेच इथेही नगामागे 9.90 पौंड द्यावे लागतात. 16 खालच्या मुलांना, साठीपुढच्यांना, गरोदर बायांना आणि ठरावीक सरकारी मदत घेणाऱ्यांना माफी आहे. पण जेमतेम कमावणारे त्या यादीच्या बरोबर बाहेर राहतात. शिवाय सल्ला मिळाला, पण नुसतं पॅरासिटामॉल सांगितलं, तर ते पदरचे पैसे टाकूनच घ्यायचं. स्कॉटलंडमध्ये 2020 पासून असल्या किरकोळ दुखण्यांचं औषधही फुकट मिळतं, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

दुकानदाराचं गणित वेगळंच. आपणहून आलेला माणूस नियमातल्या ठरावीक टप्प्यापर्यंत पोचला तरच सरकार त्या भेटीची फी देतं. दहा मिनिटं ऐकून 'हे आमच्यात बसत नाही' म्हणावं लागलं, तर ती दहा मिनिटं फुकट. डॉक्टरच्या दवाखान्याने संगणकावरून रीतसर पाठवलं असेल तर फी मिळते. म्हणून तिथल्या फार्मासिस्टांचा आग्रह असतो की दवाखान्याच्या स्वागतकक्षाने फोनवर 'केमिस्टकडे जा' एवढं सांगून न थांबता नोंद करूनच पाठवावं.