भोक पाडण्याआधी आरसा उतरवून बघा

प्रश्न : काका, गेल्या वर्षी मी १९७० ची पोर्शे ९११ टी कूपे घेतली. डाव्या दारावर गाडीच्याच रंगाचा, विजेवर हलणारा मोठा आरसा आहे. उजव्या दाराला आरसाच नाही. मला दोन्ही दारांवर बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते, क्रोमचे टाल्बोट आरसे लावायचे आहेत. शेजारी म्हणतात, असं केलंस तर एच नंबरप्लेट (जुन्या, ऐतिहासिक गाड्यांना मिळणारी) जाईल. काय करू?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : नंबरप्लेटची काळजी सोडा. जर्मनीत १९९७ पासून एच नंबर मिळतो. त्यासाठी गाडी किमान तीस वर्षांची आणि नीट जपलेली हवी, पण ती कारखान्यातून निघाली तशीच असावी असा हट्ट नियमात नाही. पहिल्या नोंदणीनंतरच्या दहा वर्षांत झालेला, किंवा तेव्हा होऊ शकला असता असा बदल चालतो. टाल्बोटचे आरसे त्या काळी लोक हौसेनं लावत, तेव्हा ते या नियमात बसतात. इतकंच काय, आत्ता दारावर असलेला आरसाही बसतो, कारण तो ९११ वर १९७६ च्या मॉडेलला आला. म्हणजे पासिंगला कुणी अडवणार नाही. ठरवायचं आहे ते तुम्हाला.

मला विचाराल तर तो उतरवा. १९७४ पासून ९११ ला जाड बंपर आले, त्या अंगाला तो आरसा शोभतो. तुमच्या गाडीचे बंपर बारीक आणि नाजूक आहेत, त्यांच्याजवळ तो जड दिसतो. १९७० च्या ९११ वर क्रोमचा गोल आरसा असे. १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएसवर मात्र चौकोनी दिसेल, तेव्हा जुन्या बाजारात घेताना वर्ष बघून घ्या.

उतरवताना घाई करू नका. मी ऑस्नाब्रुकमध्ये सव्वीस वर्षं पत्र्याचं काम केलं. (कारमान या बॉडी बांधणाऱ्या कंपनीनं ९११ च्या काही कूपे बॉडी तिथंच बांधल्या.) असे कितीतरी आरसे मी काढले. मोठ्या आरशाचं बूड निघालं की खाली वाळून कडक झालेलं रबर सापडतं आणि रबराखाली भोकाभोवती तपकिरी कडं. ते कडं म्हणजे गंज. १९७६ च्या मॉडेलपासून ९११ च्या संपूर्ण बॉडीला जस्ताचं लेपन आलं. तुमचा आरसा त्या लेपनाच्या जमान्यातला आहे, दार त्याच्या आधीचं. उघड्या भोकाच्या कडेला त्या पत्र्याला रंगाशिवाय कुणी वाली नाही. बुडाखाली आणखी दोन-तीन जुनी भोकं लपलेली दिसली, तर गोल आरशाचं बूड त्यांवर ठेवून बघा. जुळली तर मूळ जागा सापडली. उरलेली वेल्ड करून बुजवा. नुसती लांबी (पुट्टी) भरू नका, ती पुन्हा फुगते.

उजव्या दाराला भोक पाडू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. पन्नास वर्षांहून जास्त काळ ज्याला कुणी ड्रिल लावलं नाही असा पत्रा आता फार थोड्या गाड्यांवर उरला आहे. टाल्बोट उद्याही मिळेल, अख्खं दार मिळणार नाही. महामार्गावर ओव्हरटेक डावीकडून होतो, म्हणून डावा आरसा जिवाचा. पुन्हा उजव्या लेनमध्ये येताना आतला आरसा पाहा आणि मान वळवून खात्री करा. तेवढ्यानं धीर होत नसेल, तर काचेच्या कडेला चिमट्यानं बसणारा आरसा लांबच्या प्रवासापुरता लावा.

डावीकडे टाल्बोट हवाच असेल तर जरूर लावा, पण सापडलेल्या जुन्या भोकातच. भोकाच्या कडेला प्रायमर, त्यावर रंग, तो पूर्ण वाळल्यावर नवं रबर, मग स्क्रू. घेण्याआधी काचेवर स्टीलची पट्टी उभी धरा. पट्टीच्या दोन्ही टोकांखाली उजेडाची फट दिसली तर काच फुगीर आहे. तिच्यात जास्त दिसतं, पण मागची गाडी आहे त्याहून लांब वाटते. फट नसेल तर सपाट. डाव्या बाजूला मी सपाटच लावत आलो, अंतर खरं कळतं.

नव्या नकली आरशांपासून जपून. एकदा मी एका विक्रेत्याकडून असा आरसा घेऊन गिऱ्हाइकाच्या गाडीवर बसवला. रस्त्यावरच्या मिठानं दुसऱ्याच हिवाळ्यात क्रोमला फोड आले, आणि ताशी शंभरला तो इतका थरथरे की मागच्या गाडीचे दोन दिवे चार दिसत. त्या गिऱ्हाइकाचे पैसे मी परत केले. तेव्हापासून आरसा हातात घेतला की आधी त्याची मान हलवून बघतो. सांधा घट्ट हवा, आणि तो पुन्हा आवळता यावा असा स्क्रू त्याला हवा.

आरसा उतरवलात की बुडाखालच्या भोकांचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा आणि पाठवा. कोणतं भोक ठेवायचं, कोणतं बुजवायचं, ते बघून सांगतो.