विजेवर चालणाऱ्या विमानांच्या चार्जरमुळे चिपी विमानतळावरील रेडिओ संभाषणात व्यत्यय येईल का?

उद्या सिंधुदुर्गातील चिपीच्या सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) विजेवर चालणारी विमाने उतरू लागली, तर त्यांच्या चार्जरमुळे वैमानिक आणि नियंत्रण मनोरा यांच्या संभाषणात अडथळा येईल का, असे आपण विचारले आहे. येऊ शकतो, तो रोखताही येतो. मात्र कोकणात चार्जरच्या दर्जाइतकीच काळजी त्याच्या जोडण्यांची घ्यावी लागेल, असे मी किनाऱ्यावरील कारखान्यांत विजेची कामे केल्यावरून म्हणतो.

चार्जरमधील ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. ही उघडझाप जितकी झटपट, तितकी वीज कमी वाया जाते, पण तितकाच गोंगाट वरच्या वारंवारतांपर्यंत चढतो आणि लांब केबल त्याची अँटेना बनते. विमानांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर, तेही एएम पद्धतीने (आवाजानुसार संकेताची तीव्रता बदलून) चालते, आणि एएमला असा गोंगाट लगेच बाधतो. विमानाची स्वतःची यंत्रणा प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी तपासलेली असते (युरोपात वेलिस इलेक्ट्रो या विमानाला २०२० मध्येच ते मिळाले), म्हणून मला जमिनीवरच्या जोडणीची चिंता अधिक वाटते.

आपल्याकडे अर्थिंग म्हटले की मीठ-कोळशाचा खड्डा डोळ्यांपुढे येतो. जांभ्यात मे महिन्यात त्याचा रोध बराच वाढतो, म्हणून सुरक्षिततेसाठी त्याची निगा राखावीच. परंतु व्यत्ययावर तो उपाय नव्हे, कारण एक मीटर साधी तारसुद्धा १०० मेगाहर्ट्झला सुमारे ६०० ओहमचा अडथळा करते. तेथे हवी ती आखूड, रुंद पट्टी, आणि केबलचे शिल्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) पिळून एका स्क्रूला न बांधता सर्व बाजूंनी क्लॅम्पमध्ये आवळलेले.

एका बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरला नवा ड्राइव्ह (मोटारीचा वेग सांभाळणारी, चार्जरसारखीच उघडझाप करणारी यंत्रणा) बसवल्यावर पहिल्या वर्षी काहीच त्रास नव्हता; एक पावसाळा गेला आणि पहारेकऱ्याच्या रेडिओवर घरघरीखेरीज काही ऐकू येईना. ड्राइव्ह निर्दोष होता, शिल्डचा क्लॅम्प खाऱ्या हवेने हिरवा पडला होता. तो बदलताच रेडिओ स्वच्छ झाला. शिवाय गंजलेला सांधा डायोडसारखा (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखा) वागून दोन प्रबळ रेडिओ संकेतांतून तिसऱ्याच वारंवारतेचा संकेत निर्माण करू शकतो, त्यामुळे चार्जर बंद असतानाही कुंपणाची जाळी किंवा पत्र्याचे छप्पर दोषी ठरू शकते.

म्हणून चार्जर बसवण्याआधी परिसरातील रेडिओ गोंगाट मोजून नोंदवावा, बसवल्यावर पूर्ण भारावर पुन्हा मोजावा, आणि पुढे दरवर्षी पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात प्रत्येक क्लॅम्प उघडून पाहून तीच मोजणी करावी.