दीड वर्षाच्या मुलाला रात्री झोपेत आंबट पाणी वर येतं, तो रडत उठतो. काय करावं?

सगळ्यात आधी झोपतानाची दुधाची बाटली बघा. बरेचदा खरं कारण तिथेच असतं. भरल्या पोटी आडवं झालं की जठरातलं आम्ल सहज वर येतं, कारण या वयात अन्ननलिकेच्या तळाची झडप अजून थोडी सैलच असते. म्हणून शेवटचं खाणं आणि दूध झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरका. मधे फार तर घोटभर पाणी. बाटलीची सवय सुटताना तीन-चार रात्री रडारड होईल, ती सोसावी लागते!

रात्रीचं जेवण थोडंच द्या; तळलेलं, टोमॅटो, चॉकलेट, आंबट फळं संध्याकाळनंतर नकोत. डायपर किंवा पँटचं इलॅस्टिक पोटावर घट्ट बसत नाही ना, तेही पाहा. उशांचा ढीग लावू नका, मूल त्यावरून घसरतं आणि पोट उलट दुमडतं.

मोठ्यांची अ‍ॅसिडिटीची औषधं मनाने अजिबात देऊ नका. वजन वाढत नसेल, गिळताना दुखत असेल, रात्री खोकला किंवा घरघर होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कधीकधी मूळ दुधाच्या अ‍ॅलर्जीत निघतं. उलटीत रक्त किंवा हिरवा रंग दिसला तर मात्र सकाळची वाट पाहू नका.