पहिल्यांदाच ख्रिसमस मार्केटला निघालात? आधी तारखा बघा

नाताळची सुट्टी मिळतेय म्हणून २५ डिसेंबरनंतरची तिकिटं काढत असाल तर थांबा. नवखे इथेच फसतात. जर्मनीतली बहुतेक मार्केटं, म्हणजे नाताळच्या आधी भरणारे हे बाजार, २३-२४ तारखेलाच आवरतात. न्यूरेम्बर्गचंही २४ला संपतं. डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा धरा, तोही मधल्या वारी. शनिवारी संध्याकाळी तिथे गणपतीतल्या लक्ष्मी रोडसारखी गत असते. साडेचारपर्यंत अंधार पडतोच, त्यामुळे दिवे बघायला रात्रीची वाट बघू नका.

बाकी सुरुवातीला एवढंच:

- जाड तळव्याचे बूट. सगळे जॅकेटवर पैसे घालतात आणि पायात पातळ स्पोर्ट्स शूज. फरसबंदीवर उभं राहिलं की थंडी खालून चढते. पहिल्या वर्षी मी अर्ध्या तासात कॅफेत पळालो होतो!
- सुटे युरो. कार्ड प्रत्येक टपरीवर चालेलच असं नाही.
- ग्लूवाइन म्हणजे मसाले घातलेली गरम वाइन. तिच्या मगाचे डिपॉझिट वेगळे घेतात. तो मग परत दिला की पैसे परत. आवडला तर खुशाल घरी न्या. माझ्याकडे सात झालेत, बायको आठवा आणू देत नाही. दारू नको असेल तर ‘किंडरपुन्श’ मागा.
- शाकाहारी असाल तर किसलेल्या बटाट्याचे तळलेले ‘राइबेकुखन’ शोधा. सोबत सफरचंदाची चटणी मिळते; विचित्र वाटते, पण खाऊन बघाच.

आठवड्यात पाच शहरं करू नका. न्यूरेम्बर्ग आणि १४३४पासून भरणारं ड्रेस्डेनचं मार्केट, पहिल्या खेपेला पुरे.